दोन तिवया

वारा पडून चार-पाच दिवस झाले होते. मळलेला गहू खळ्यावर भुशासकट तसाच पडून होता, आणि रोज दुपारनंतर पश्चिमेला ढगांची काळी कड दिसायला लागली होती. उपणायचं तर वारा पाहिजे, आणि वारा असा गायब झाला होता की चुलीचा धूर सरळ वर जाऊन छपरावर उभा राहायचा. आबा सकाळी उठले की आधी मूठभर भुसा उचलून हवेत सोडून बघायचे. तो त्यांच्याच पायांवर पडायचा. मग ते कोणाशी न बोलता चहा प्यायचे.

आबा म्हणजे माझे सासरे. मी ह्या घरची एकुलती एक सून, त्यामुळे सगळ्यांच्या बोलण्याचा मारा माझ्यावर आणि माझ्या बोलण्याचा मारा सगळ्यांवर. आमचे हे म्हणतात, तू झोपेतसुद्धा बडबडतेस. बडबडत असेन. दिवसभर राबणारं माणूस मनातलं काढणार कधी?

नेमकी अशा वेळी माझी नणंद शूटिंग घेऊन आली.

तिला घरात सगळे धाकटी म्हणतात. सहा वर्षांपूर्वी ती सिनेमा कसा काढतात ते शिकायला शहरात गेली, आणि आता स्वतःची पहिली फिल्म काढत होती, तीही आबांवर. पुढच्या हंगामापासून आमच्याकडे उपणायचं मशीन येणार होतं. ह्यांनी तसं ठरवूनच टाकलं होतं. मग ह्या तिवईचं सरपण करू, असंही एकदा ह्यांच्या तोंडून निघून गेलं, त्या दिवशी आबा जेवले नव्हते. तिवई म्हणजे खळ्यावरची तीन पायांची उंच घोडी, माणसापेक्षा उंच. तिच्यावर उभं राहायचं, खालून भरलेली पाटी घ्यायची, डोक्यावर धरून हळूहळू रिकामी करायची. गहू सरळ खाली पडतो आणि भुसा वाऱ्याबरोबर बाजूला जातो. आबा हे काम करताना शेवटचं दाखवायचं, आणि त्यांची मुलाखत घ्यायची, असा धाकटीचा बेत होता. कॅमेरा कोणाकडून तरी मागून आणलेला. संध्याकाळी परत निघायचंच होतं, सकाळी तो दुसरीकडे पोचवायचा होता.

तिच्याबरोबर दोघं होते. एक कॅमेरावाला, इतका उंच की पहिल्याच दारात त्याचं कपाळ आपटलं. मी मनातल्या मनात त्याचं नाव बांबू ठेवलं. दुसरी एक बारीकशी मुलगी, कानांवर दोन वाट्यांएवढे हेडफोन लावलेली. तिचं काम आवाज पकडायचं. ती कानवाली.

बांबूने गाडीतून तीन पायांचं काहीतरी काढलं, खटाखट उघडलं आणि खळ्याच्या कडेला उभं केलं. आबा त्याच्याभोवती एक चक्कर मारून आले.

"ही तुमची तिवई का?"

"हो, आबा. ट्रायपॉड म्हणतात."

"माणूस पेलवतो का तिला?"

"माणूस नाही, फक्त कॅमेरा."

"मग कसली तिवई," आबा म्हणाले आणि आपल्या तिवईच्या पायावर थाप मारून आले.

कानवालीने खळ्याच्या मधोमध उभं राहून डोळे मिटले आणि हसली. "वा! वारा अजिबात नाही! किती नशीब आपलं!"

आमच्या घरातली सगळी माणसं तिच्याकडे बघायला लागली. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, हातातला झाडू तसाच धरून उभ्या राहिल्या. पाहुणी नसती तर काय झालं असतं सांगता येत नाही. धाकटीने घाईघाईने समजावलं, की उघड्यावर मुलाखत घेताना वारा म्हणजे आवाजाचा शत्रू, माइकवर नुसती फडफड वाजते, माणसाचं बोलणं ऐकू येत नाही.

"म्हणजे आम्ही इथं वाऱ्यासाठी देव पाण्यात घालून बसलोय," आई म्हणाल्या, "आणि तू तो येऊ नये म्हणून?"

"संध्याकाळपर्यंत, आई. नंतर येऊ दे की."

"तुझ्या सोयीने येतो होय तो?"

आत चहा टाकायला गेले तर धाकटी माझ्यामागोमाग आली. ती आणि मी जवळजवळ बरोबरीच्या. मी लग्न करून आले आणि महिन्या-दोन महिन्यांत ती गेली, तरी आमचं जमतं. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि एकदम म्हणाली, "वहिनी, मला आबांना एक विचारायचंय. फिल्मसाठी नाही, माझ्यासाठी. कॅमेऱ्यासमोर तरी उत्तर देतील."

"काय गं?"

"मी गेले त्या दिवशी तुम्ही सगळे स्टँडवर आलात. आबा नाही आले. वारा आलाय, खळं सोडता येत नाही म्हणाले. मी बसमध्ये बसून शेवटपर्यंत बघत होते. सहा वर्षं झाली, मला अजून वाटतं, माझ्यापेक्षा त्यांना वारा मोठा."

मला काय बोलावं सुचेना, म्हणून मी बोलले. "अगं, वारा काय रोज येतो? आणि बाई गं, काय ते उपणणं त्या वर्षीचं! अर्धा भुसा गव्हातच. मी वर्षभर सुपाने पाखडत होते. नवी नवरी म्हणून तोंडातून शब्द काढला नाही, नाहीतर सांगितलं असतं सासऱ्यांना, की आबा, एवढा वारा होता तर गेला कुठे?"

धाकटी हसली, पण डोळे पुसून हसली. "आज विचारतेच," म्हणाली.

आता मुलाखतीचं ऐका.

आबा आतून आले ते गुळगुळीत दाढी करून, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. आम्हाला वाटलं काय रुबाब! बांबूने कॅमेऱ्यात बघितलं आणि डोकं खाजवलं.

"आबा, उन्हात पांढरं कॅमेऱ्याला झेपत नाही. कपडा चमकतो आणि चेहरा काळा येतो."

"चेहरा आधीपासूनच काळा आहे," आबा म्हणाले.

शेवटी ह्यांचा तपकिरी शर्ट काढला. तो पोटावर लागेना. खालची दोन बटणं उघडी ठेवून, फक्त वरचा भाग दिसेल असं ठरलं. कानवालीने कॉलरच्या आत गव्हाच्या दाण्याएवढा माइक लावला. आबा हनुवटी आत घेऊन त्याच्याकडेच बघत बसले, कोणीतरी अंगावर विंचू सोडल्यासारखे.

"आबा, इकडे माझ्याकडे बघा," धाकटी म्हणाली. "आणि नेहमीसारखं बोला."

आबांनी घसा साफ केला. "नमस्कार. मी सदर ठिकाणी गेली चाळीस वर्षे शेती हा व्यवसाय करीत असून, सर्व उपस्थितांचे आभार मानतो."

मला हसू आवरेना. मी पदर तोंडात कोंबला. एवढी वर्षं मी ह्या माणसाला जेवायला वाढतेय, 'करीत असून' कधी ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर बसलेल्या आबांना बोलताच येत नाही. हात चालू असले की त्यांचं तोंड चालतं. पाटी वर दिली की वरून गप्पा सुरू. पिकाच्या, माणसांच्या, लहानपणीच्या. खुर्चीत बसवलं की मूग गिळून गप्प. हे मी धाकटीला सांगायला गेले तर तिघंही एकदम म्हणाले, "वहिनी, शांत!"

त्या दिवशी 'वहिनी, शांत' इतक्या वेळा झालं, की कोंबड्यालासुद्धा माझं नाव पाठ झालं असेल.

ऊन वर आलं तसं आबांची खुर्ची झाडाखाली नेली. झाडाखाली पानांतून उन्हाचे ठिपके पडतात. बांबू म्हणाला, आबांच्या तोंडावर रांगोळी काढल्यासारखं दिसतंय. मग वरून चादर धरायची ठरली. एक टोक ह्यांच्या हातात, एक माझ्या हातात, उरलेली दोन फांद्यांना बांधलेली. सावली सरकली की खुर्ची सरकायची, खुर्ची सरकली की चादर. बांबू ओरडायचा, "दादा, थोडं वर! वहिनी, थोडं खाली!" ह्यांचे हात भरून आले. मला म्हणाले, "मशीन आणलं असतं ह्याच वर्षी तर बरं झालं असतं." मी म्हटलं, "मशीनची मुलाखत घ्यायला कोण येणार होतं?"

"वहिनी, शांत!"

कानवालीचे कान म्हणजे काय सांगू. शेजारच्या मळ्यातलं पाण्याचं इंजीन आम्हाला ऐकूसुद्धा येत नाही, इतकी सवय झालेली. तिला ते ढोलासारखं वाजत होतं. मला पिटाळलं. शेजारी म्हणाला, "पाणी सोडलंय वहिनी, बंद कसं करू?" मी म्हटलं, "सिनेमा चाललाय आमच्याकडे." त्याने तत्काळ इंजीन बंद केलं आणि बघायला म्हणून स्वतःच येऊन उभा राहिला. त्याला खोकला होता. शेवटी त्याला परत पाठवावं लागलं, आणि रागावून त्याने इंजीन पुन्हा चालू केलं. मला पुन्हा जाऊन हातापाया पडावं लागलं. मग विमान गेलं. मग कोंबडा. मी आईंच्या कानाला लागून अगदी हळू म्हटलं, "ह्या पोरीच्या अंगात काही नाही, जेवते तरी का ही?" तर वीस हातांवरून कानवाली म्हणाली, "जेवते वहिनी, पण थोडंच." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आणि एवढं करून सगळं शांत झालं, की आबा म्हणायचे, "आता काय?"

"आबा, मघाशी तिवईबद्दल सांगत होता ना, ते परत सांगा. विमान आलं होतं मध्ये."

"एकदा सांगितलं की. परत कशाला? तेव्हा खोटं बोललो का मी?"

"खोटं नाही, आबा. आवाज नाही आला."

"तुला आला ना? मग झालं."

बांबूने कंटाळून खळ्याचा वरून फोटो घ्यायचं काढलं, आणि कोणाला न विचारता आबांच्या तिवईवर चढला. वर उभा राहून म्हणाला, "काय दिसतं इथून! पार रस्त्याचं वळण दिसतंय! ती बघा, बस चाललीय!"

आबा खुर्चीतून ताडकन उठले. "उतर खाली! पाय मोडेल."

"नाही मोडणार आबा, धरून आहे मी."

"तुझा नाही, तिवईचा. उतर!"

एवढा आवाज त्यांनी सकाळपासून काढला नव्हता. कानवालीने कानावरचं झटकन बाजूला केलं.

जेवणं झाल्यावर आणखी एक भानगड उघडकीला आली. आमच्या आईंची एक पद्धत आहे. मळणीच्या दिवसांत खळ्यावरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात ठेवायची नाही. गव्हाची कुसळं अंगाला अशी टोचतात की रात्रभर माणूस खाजवत बसतं. कपडे, चादरी, पिशव्या, दिसलं की पाण्यात. एकदा त्यांनी ह्यांचं पाकीट धुतलं होतं. तर कानवाली इकडे तिकडे काहीतरी शोधायला लागली आणि दोरीखाली जाऊन थांबली. दोरीवर एक करडं, केसाळ, लांबुळकं काहीतरी पाणी गाळत लोंबत होतं.

"हे... हे इथे कसं?"

"बाजेवर पडलं होतं," आई कौतुकाने म्हणाल्या. "सगळी कुसळं अडकली होती त्यात. साबण लावून चोळलं. केवढा मळ निघाला, बाई! कोणाचं आहे ते, मांजराचं?"

ते माइकचं पांघरूण होतं. दांडीवरचा मोठा माइक असतो ना, त्याला वाऱ्यासाठी घालायचं टोपडं. कानवाली दोरीखालीच खाली बसली. धाकटीने कपाळाला हात लावला. मग दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या, त्यांना हसू थांबेना. बांबू म्हणाला, "असू दे, तसाही वारा कुठे आहे?"

त्याने हे बोलायला नको होतं.

दुपार कलली. ढगांची कड रोजच्यापेक्षा वर चढली होती आणि आतून जांभळी दिसत होती. आबा खुर्चीत बसून तिच्याकडेच बघत होते. इंजीन बंद होतं, कोंबडा टोपलीखाली कोंडलेला होता, आणि मी चादरीचं टोक धरून श्वाससुद्धा जपून घेत होते. धाकटीने हातातला कागद खाली ठेवला. मला कळलं, आता ती विचारणार.

"आबा," ती म्हणाली, "मी गेले त्या दिवशी तुम्ही स्टँडवर का नाही आलात?"

आबांनी तिच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच दिवसभरात नीट बघितलं. हनुवटी हलली, ओठ उघडले.

"त्या दिवशी..." ते म्हणाले.

तेवढ्यात माझ्या हातातलं चादरीचं टोक उचललं गेलं. आधी मला वाटलं ह्यांनीच ओढलं. मग खळ्याच्या कडेची एक काडी लोळत गेली, तिच्यामागे आणखी दोन. माझ्या कानामागचा घाम गार झाला. आबांच्या नाकपुड्या फुलल्या.

"वारा," ते म्हणाले आणि उठले.

"आबा, एक मिनिट! एवढं सांगा फक्त!"

"वारा थांबत नाही, पोरी."

धाकटीचं तोंड असं उतरलं की मला बघवेना. तेच कारण, सहा वर्षांपूर्वीचं. आबांनी तो अंगाला काचणारा तपकिरी शर्ट डोक्यावरून काढला आणि खुर्चीवर फेकला. माइक त्याच्याबरोबरच गेला. ते तिवईवर चढलेसुद्धा. ह्यांनी चादर सोडून पाट्या आणल्या. ढग तिकडे वर येत होता, इकडे वर्षभराचा गहू उघडा पडला होता. कोणी कोणाला काही सांगायची गरज नव्हती. आईंनी पदर खोचला.

धाकटी क्षणभर तशीच उभी होती. तिने मनात आणलं असतं तर आबांचा हात धरला असता, रडली असती, आणि मी तिला दोष दिला नसता. पण तिने ओढणी नाकातोंडाला, कानांना घट्ट गुंडाळली आणि झाडू उचलला. लहानपणापासून तिचं काम तेच होतं; राशीच्या पलीकडे, भुसा पडतो त्या बाजूला उभं राहायचं आणि राशीवर पडलेल्या काड्या झाडूने अलगद बाजूला करायच्या. सगळ्यात घाण काम, सगळा भुसा डोक्यावर. जाता जाता बांबूला म्हणाली, "तू घेत राहा. थांबू नकोस."

ह्यांनी पाट्या भरायच्या, मी उचलून वर द्यायच्या, आबांनी ओतायच्या. वारा चांगला सुटला. सोनेरी गहू खाली, पांढरा भुसा धाकटीच्या अंगावर, ती भुतासारखी दिसायला लागली. कानवाली बिचारी दांडी घेऊन तिवईखाली धावत होती. आईंनी स्वतःची लोकरीची कानटोपी माइकला चढवली, तरी कानवाली मान हलवून सांगत होती, काही नाही, नुसतं वादळ ऐकू येतंय. एकदा भुशाचा लोट तिच्या डोळ्यांत गेला आणि ती आंधळ्यासारखी चाचपडत गाडीपाशी जाऊन बसली.

आणि वरून आबा बोलायला लागले.

"सूनबाई."

"काय, आबा? पाटी घ्या."

"त्या दिवशी वारा नव्हता."

मी वर बघितलं. ते पाटी हलवत होते, नजर धान्यावर.

"कोणत्या दिवशी?"

"ती गेली त्या दिवशी. पानसुद्धा हलत नव्हतं. दे वर."

मी पाटी दिली. हात आपोआप चालले.

"स्टँडवर आलो असतो तर रडलो असतो. चारचौघांत. मग ती गेली नसती. तिचा स्वभाव माहीत आहे ना तुला, मला रडताना बघून राहिली असती इथेच. म्हणून वाऱ्याचं नाव सांगितलं. तुम्ही सगळे गेलात आणि मी इथे चढलो. इथून वळणापर्यंत रस्ता दिसतो. बस दिसली. खिडकीतून तिचा हात बाहेर होता. दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिलो. मग तुम्ही परत येणार, म्हणून उगाच पाट्या ओतल्या वाऱ्याशिवाय. दे."

अगं बाई! मी वर्षभर पाखडलेला तो भुसा! मला हसावं की रडावं कळेना. पाटी माझ्या हातात तशीच राहिली.

"आबा, मला काय सांगताय? ती बघा, तिकडे उभी आहे, तिला सांगा!"

"तिला सांगता येत नाही," आबा वरून म्हणाले. "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून तुला सांगतोय. दे पाटी, वारा जाईल."

शेवटची पाटी ओतली तेव्हा वाऱ्यात पावसाचा वास होता. पोती भरली, शिवली, पडवीत ओढली. गडगडलं, चार टपोरे थेंब पडले, त्यांनी खळ्यावर चार डाग पाडले आणि ढग दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर निघून गेला. वाराही त्याच्याबरोबर गेला. आम्ही सगळे ओट्यावर पाय पसरून बसलो, एकमेकांच्या केसांतल्या काड्या काढत. आबा गोठ्याकडे गेले होते.

बांबूने कॅमेरा आणून धाकटीला दाखवला. मीही डोकावले. काय सुंदर दिसत होते आबा! मागे काळा ढग, अंगावर उतरतं ऊन, सोन्यासारखी धार पडतेय आणि ते बोलतायत. चेहरा इतका मोकळा. ओठ हलतायत, थांबतायत, पुन्हा हलतायत. आणि आवाज फक्त वाऱ्याचा.

"शर्टातल्या माइकवर?" धाकटीने विचारलं.

"शर्टाचाच आवाज आलाय," कानवाली म्हणाली. तिचे डोळे अजून लाल होते. "खुर्चीवर फडफडताना. तो मात्र खूप स्वच्छ आलाय."

धाकटी बराच वेळ त्या हलणाऱ्या ओठांकडे बघत राहिली. मग हळूहळू तिची मान माझ्याकडे वळली.

"वहिनी, तू खाली उभी होतीस. काय म्हणत होते आबा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बांबूने काही न विचारता आपली कॅमेऱ्याची तिवई माझ्यासमोर उभी केली. कानवालीने ओलं केसाळ टोपडं पिळून माइकला चढवलं. मला आबांच्या खुर्चीत बसवलं. सकाळपासून जिला 'शांत, शांत' करून जीव नकोसा केला होता, तिला आता सगळे म्हणत होते, बोला वहिनी. आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना! मी म्हटलं, "नमस्कार. मी ह्या घरची सून असून..."

हे ओट्यावरून ओरडले, "अगं, नेहमीसारखं बोल!"

मग मी कॅमेऱ्याकडे बघायचं सोडलं आणि धाकटीकडे बघितलं. तिच्या भुवयांवर अजून भुसा होता. तिला मी सगळं सांगितलं. वारा नव्हता ते, तिवईचं, वळणाचं, खिडकीतल्या हाताचं. सांगता सांगता मलाच आठवलं, त्या दिवशी स्टँडवर आईंच्या पदराचं टोकसुद्धा हललं नव्हतं. आम्ही चौघं तिथे उभे होतो आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही. आई आत निघून गेल्या. धाकटीने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि माझी साडी भिजवली. बांबूने कॅमेरा कधी बंद केला कळलं नाही, की केलाच नाही.

निघायची वेळ झाली. ती आबांना शोधायला गेली तर आबा गोठ्यात नव्हते. आई म्हणाल्या, "खळ्यावर काम आहे म्हणाले. तुम्हाला उशीर होईल, निघा म्हणाले."

खळ्यावर काय काम? खळं तर झाडून लख्ख झालं होतं. मी ओठ चावला. धाकटीनेही काही विचारलं नाही. फक्त मला म्हणाली, "वहिनी, वळणापर्यंत ये ना सोडायला."

मी गाडीत बसले. वळणावर तिने गाडी थांबवायला सांगितली आणि उतरली. मागे वळून बघितलं तर आमचं खळं दिसत होतं, लांब, मावळतीच्या उजेडात. मधोमध तिवई, आणि तिवईवर आबा, उघड्या अंगाने, कपाळावर हात धरून रस्त्याकडे बघत. त्यांनी आम्हाला थांबलेलं बघितलं मात्र, आणि एकदम वाकून कुठूनशी पाटी उचलली, डोक्यावर धरली आणि हलवायला लागले. पाटीत एक दाणा नव्हता.

मागून बांबूने कॅमेरा काढायला पिशवीची चेन ओढली. धाकटीने तिकडे बघितलंसुद्धा नाही. तिने दोन्ही हातांचा कर्णा केला आणि पोटातून जोर काढून ओरडली.

"आबा! वारा नाहीये!"

इतक्या लांबून ऐकू जायला नको होतं. पण इंजीन बंद होतं आणि वारा खरंच पडलेला होता. आबांच्या हातातली पाटी थांबली. मग ती हळूच खाली आली. थोडा वेळ ते नुसतेच उभे राहिले, हातांचं काय करायचं ते कळत नसल्यासारखे.

मग त्यांनी एक हात वर केला. धाकटी गाडीत बसली, गाडी निघाली, आणि मी घराच्या वाटेला लागले तरी तो हात वरच होता.